पेसमेकर व आयसीडी बसवलेल्या रुग्णांना मोबाईलविषयी मराठीत लेखी सूचना मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

विषय : मोबाईलच्या वापराविषयी मराठी पत्रक, प्रवेशद्वारावरील तपासणी व इतर प्रलंबित मागण्या

संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने व आपल्या दालनात झालेली बैठक

महोदय,

आपल्या रुग्णालयात पेसमेकर किंवा आयसीडी बसवून घेतलेले आम्ही रुग्ण व आमचे नातेवाईक आपणांस पुन्हा लिहीत आहोत. या यंत्रांजवळ मोबाईल कसा वापरावा याचे नियम आपणांस ठाऊक आहेत, म्हणून ते येथे मांडत नाही. ते रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत, ही आमची तक्रार आहे आणि ती जुनी आहे.

पहिल्या निवेदनावर "पंधरा दिवसांत मराठी पत्रक छापून घेऊ" असे आश्वासन मिळाले. पुढे छपाईसाठी निधी नसल्याचे कळवण्यात आले. नंतर आचारसंहितेचे कारण सांगितले गेले. आचारसंहिता उठली, पावसाळाही सरला, पत्रक आले नाही. मजकूर आम्ही लिहून दिला आहे, छपाईचा खर्च सोसायची तयारीही कळवली आहे. हृदयरोग विभागाने मजकूर तपासून त्यावर रुग्णालयाचा शिक्का द्यावा, एवढेच काम आपल्याकडे उरले आहे. कागद आम्हीही वाटू शकतो, पण रुग्ण विश्वास ठेवतो तो शिक्क्यावर.

आज डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाच्या हाती इंग्रजी कार्ड आणि कंपनीची इंग्रजी पुस्तिका पडते. मोबाईलचे विचारले, तर त्या वेळी समोर जो असेल तो सुचेल ते सांगतो. कोणी म्हणते, "मोबाईलला हातच लावू नका." कोणी म्हणते, "काही होत नाही, बिनधास्त वापरा." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींचा त्रास आमच्यातल्याच माणसांनी भोगला आहे.

एका शेतकऱ्याला पहिला सल्ला मिळाला. 'बॅटरी बसवलीय, आता फोन नको' म्हणून त्यांनी मोबाईल मुलाला देऊन टाकला. शेतीची वीज रात्री येते, पाणी द्यायला ते एकटेच मळ्यात जातात. एका रात्री चक्कर येऊन ते मोटारीजवळ पडले. घरी कळवायला जवळ फोन नव्हता. सकाळी शेजारचा गडी पाण्यावर आला, तेव्हा ते सापडले. फोन पँटच्या खिशात ठेवा, यंत्र डावीकडे असेल तर उजव्या कानाला लावून बोला, इतके कोणी सांगितले असते तर त्यांची ती रात्र टळली असती.

आयसीडी बसवलेल्या एका भगिनीला दुसरा सल्ला मिळाला. गावाकडे बायका फोन ब्लाऊजमध्ये खोचतात, पुरुष सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवतात आणि यंत्र बहुधा डाव्या कॉलरबोनखालीच असते. या भगिनींच्या फोनला चुंबकाने बंद होणारे कव्हर होते. छातीतून बीप ऐकू येऊ लागले म्हणून त्या घाबरून अपघात विभागात आल्या. "मोबाईलचाच आवाज असेल," असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढच्या फॉलोअपला तंत्रज्ञाचे लक्ष कव्हरकडे गेले, तेव्हा कारण कळले. चुंबक पुरेसे जवळ असेपर्यंत बहुतेक आयसीडी जीवघेणे ठोके ओळखून शॉक देण्याचे काम थांबवतात. यंत्राने बीप दिले नाही, तर रुग्णाला ते जाणवतही नाही. ज्या कामासाठी यंत्र बसवले, तेच नेमके बंद असते.

ही आमची कल्पना नाही. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या ९८० पेसमेकर रुग्णांच्या अभ्यासात, फोन नेहमीसारखा कानाशी धरल्यावर धोकादायक अडथळा आढळला नाही. म्हणजे फोन सोडायची गरज नाही, तो छातीवर ठेवू नये. २०२० मध्ये आयफोन १२ आला आणि फोनच्या पाठीत चुंबकांचे कडे आले. २०२१ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी असा फोन तीन रुग्णांच्या छातीवर ठेवून पाहिला, तर तिघांच्याही यंत्रांवर परिणाम झाला. शरीराबाहेर तपासलेल्या ११ यंत्रांपैकी ८ यंत्रांवर तो दिसला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने असे फोन व घड्याळे यंत्रापासून सहा इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, दूर ठेवायला सांगितले. आपल्याकडे एक वीत म्हटले की कोणालाही समजते. वायरलेस चार्जिंग सुरू असेल तर ॲपल कंपनीच ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर सांगते, तिथे हातभर अंतर म्हणावे. पत्रकात लिहायचे ते एवढेच, आणि तेवढ्यासाठी आम्ही अजून वाट पाहत आहोत.

आमच्या मागण्या :

१. डिस्चार्जपूर्वी प्रत्येक रुग्णाला मोठ्या अक्षरांतील, चित्रांसह, शिक्क्याचे मराठी पत्रक द्यावे. परिचारिकेने ते वाचून दाखवावे व केस पेपरवर तशी नोंद करावी. ज्यांना पूर्वीच यंत्र बसवले आहे, त्यांना ते फॉलोअपच्या वेळी मिळावे.

२. वॉर्ड, ओपीडी व अपघात विभागातील कर्मचाऱ्यांना एकच उत्तर देण्याच्या लेखी सूचना द्याव्यात. यंत्रातून आवाज येत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला हृदयरोग विभागाला दाखवल्याशिवाय परत पाठवू नये.

३. ओळखपत्र दाखवल्यावर प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकांनी हातातला मेटल डिटेक्टर यंत्रावर फिरवू नये. हे बैठकीत मान्य झाले होते.

४. ओपीडीत मोबाईलच्या वापराविषयी मराठी फलक लावावा.

५. प्रोग्रामरवर यंत्र तपासण्याचा वार निश्चित करून जाहीर करावा.

डॉक्टरांनी व परिचारिकांनी आमचे जीव वाचवले, याची आम्हांला जाणीव आहे. यंत्रासाठी शासनाचा मोठा खर्च होतो. एका कागदावाचून ते यंत्र निकामी ठरू नये, एवढ्यासाठी हा पाठपुरावा आहे. पहिल्या मागणीवर ३० दिवसांत लेखी उत्तर व पत्रकाची छापील प्रत मिळावी. तोंडी आश्वासन यापुढे आम्ही उत्तर मानणार नाही. मुदतीत कार्यवाही न झाल्यास आम्ही यंत्रधारक रुग्ण व नातेवाईक आपल्या दालनासमोर शांततेने धरणे धरू. या निवेदनाची पोच आवक क्रमांकासह द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पेसमेकर व आयसीडी बसवलेले रुग्ण व नातेवाईक
(सह्यांची यादी व पत्रकाचा मजकूर पुन्हा जोडला आहे)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी