अडले कोठे?

बदनापूर हे छत्रपती संभाजीनगर ते जालना या रस्त्यावरील शेतकऱ्यांचे गाव. दिवेलागणीच्या सुमारास तेथील एका ओसरीवर शिकवणी चालली आहे. सातवीतील एक मुलगा वहीत १/२ + १/४ असे मांडतो आणि खाली २/६ हे उत्तर लिहितो. अंशात अंश मिळविला, छेदात छेद मिळविला; त्याच्या मते काम संपले!

एखादा शिक्षक अशा उत्तरावर लाल फुली मारील, नियम सांगेल, गणित स्वतःच सोडवील आणि विचारील, "समजले ना?" या प्रश्नाला मुलाकडून 'होय' हेच उत्तर यावयाचे, कधी भीतीने, कधी भिडेने. तेव्हा हा प्रश्न शिकवणीतून हद्दपार करावा हेच बरे. पालकांना भरलेली वही दिसते आणि ते संतुष्ट होतात. मुलाच्या मनात मात्र 'गणित आपल्यासाठी नाही' ही समजूत घट्ट होत जाते.

या ओसरीवरील गुरुजी फुली मारीत नाहीत. ते विचारतात, "अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती?"

"पाऊण," मुलगा तत्काळ सांगतो.

"आणि एका भाकरीचे सारखे सहा तुकडे करून त्यांतले दोन घेतले तर?"

मुलगा घुटमळतो. "ते तर अर्धीपेक्षाही कमी, गुरुजी."

मग तो वहीकडे पाहतच राहतो. अर्धीत पाव मिळविली आणि ती अर्धीहून कमी झाली! अशा वेळी गुरुजींनी गप्प बसावे. शिकविणाऱ्याला याहून अवघड असे दुसरे काही नाही.

पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. ते पाठांतर रुक्ष होते खरे. तथापि बाजारातला पाव आणि पाटीवरचा पाव एकच, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नसे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात, शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शाळाच कुरणात गेली आणि कुरणशाळा म्हणून नावारूपास आली. शिकवणीतही असेच मुलाकडे जावे लागते. सातवीच्या मुलाचे पाऊल पुष्कळदा तिसरीच्या भागाकारातच अडलेले असते. तेथपर्यंत मागे जावे, तर पालक म्हणतात, "फी सातवीची आणि पुस्तक तिसरीचे?" परीक्षा तोंडावर आलेली असते, त्यामुळे त्यांची काळजीही खोटी नसते. पण खरे काय ते त्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावे.

ओसरीवर आता गुरुजी नवे गणित देतात : १/२ + १/३. मुलगा 'पाऊण'सारखा शब्द शोधू लागतो. तो सापडत नाही. थोड्या वेळाने तो वहीत दोन भाकऱ्या काढतो आणि दोहोंचे सहा-सहा भाग करतो. एकीचे तीन, दुसरीचे दोन. तो मोजतो आणि लिहितो, ५/६. गुरुजी पेन्सिल हाती घेतात. समच्छेदाचा नियम ते आता सांगणार आहेत.