कानातल्याची डबी

माणसाची श्रद्धा कशावर असावी, याबद्दल माझे काही मत नाही. पण दुरुस्तीवर असावीच. आमच्या छत्रीच्या काड्या तीनदा बदलल्या आहेत. त्यामुळे मुलाने दिलेल्या बिनतारी कानातल्यांची डबी चार्ज होईना, तेव्हा मी ती खिशात टाकून मोठ्या विश्वासाने दुकानात गेलो.

काउंटरवरच्या तरुणाने आधी डबीकडे पाहिले, मग माझ्याकडे. दोघांचेही आयुष्य संपत आले आहे, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

"अंकल, रिपेअर होत नाही. नवीन घ्या."

"अहो, उघडून तरी बघा!"

"उघडतच नाही. चिकटवलेली असते."

आता मला सांगा, बायकोच्या कुडीची फिरकी हरवली तर सोनार फिरकीच देतो ना? 'वहिनी, कान बदला' असे म्हणतो का?

तणतणत घरी निघालो. वाटेत मच्छीमार नगर लागते. एका बाजूला कफ परेडचे उंच टॉवर, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली मासळी. किनाऱ्यावर एक ओळखीचे नाखवा फाटके जाळे विणत बसले होते. म्हटले, "नाखवा, कानातलं बिघडलं."

"वहिनींचं?"

"माझं!"

त्यांनी क्षणभर माझ्या कानांकडे पाहिले. मग डबी बघून म्हणाले, "फुगली नाही ना? मग बघू." फुगलेल्या लिथियम बॅटरीला हात लावू नये, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी बांबूची बारीक काडी तासली आणि चार्जिंगच्या भोकातून हळूच फिरवली. माझ्या सदऱ्याच्या खिशातला वर्षभराचा कापूस बाहेर आला! आतल्या पितळी टाचण्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर धरला होता. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. केबल बदलून लावली. दिवा लागला.

खर्च शून्य. शहाणपण मात्र पुष्कळ.

माझे भांडण त्या तरुणाशी नाही. त्याला विकायला ठेवले आहे, बघायला नाही. भांडण आहे ते चिकटवणाऱ्यांशी. कापूस काडीने निघतो, पण आतली बॅटरी दोन-चार वर्षांत थकणारच. तेव्हा नाखवांची काडीही चालणार नाही. मरण ठरलेली वस्तू गोंदाने बंद करून विकायची आणि वर 'उघडू नका' म्हणायचे, ही कुठली रीत? आपल्या सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल सुरू केले. छान झाले. पण पोर्टल उघडते आणि डबी उघडत नाही, याला हक्क म्हणत नाहीत. युरोपीय संघाने २०२३ साली कायदाच केला: १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी. तिथल्या माणसांना मिळणारा स्क्रू आपल्याला का नको?

हे सगळे मी नाखवांना तावातावाने ऐकवले. ते जाळ्यातली गाठ आवळत म्हणाले, "जाळं फाटतंच, साहेब. पण विणायला आलं पाहिजे, असंच बनवलेलं असतं."

अख्ख्या कायद्याचा मसुदा त्यांनी एका वाक्यात सांगितला. मी मात्र तो नीट ऐकला नाही. कानांत कानातली होती ना!