गच्चीवरचं विमान, पालघरची जमीन आणि मधली वायर

विरारहून डहाणू लोकल पकडली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. याच गाडीने रोज कॉलेज गाठणाऱ्या किती जणांना आठवतंय, की फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातली १५७ एकर जमीन विमानाच्या कारखान्यासाठी ठरली होती? 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'मध्ये करार झाला, ३५ हजार कोटींचा आकडा छापून आला, फोटो झाले. त्या जमिनीवरून अजून एकही विमान उडालेलं नाही. गाडी मात्र रोज तिथूनच जाते.

करार ज्यांच्याशी झाला ते कॅप्टन अमोल यादव. पेशाने पायलट. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहासाठी ते सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि बीकेसीत मांडलं, तेव्हा बघायला झुंबड उडाली होती. नोंदणीसाठीचा अर्ज २०११ चा. नोंदणी हातात पडली नोव्हेंबर २०१७ मध्ये. नंबर मिळाला व्हीटी-एनएमडी. यातलं एन-एम म्हणजे नरेंद्र मोदी आणि डी म्हणजे देवेंद्र. कागद कसा हलला असेल, ते या तीन अक्षरांवरून ज्याने त्याने ओळखावं! उडवण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान हवेत गेलं. म्हणजे अर्ज केला तेव्हा पहिलीत असलेलं पोर विमान उडेपर्यंत दहावीत पोचलं.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी 'जिद्द' या शब्दाखाली सांगितली जाते. जिद्द आहेच. पण इंजिनीअरिंगच्या, आयटीआयच्या किंवा नुसतंच सोल्डरिंग गन घेऊन बसायला आवडणाऱ्या पोरांनी यातला दुसरा भाग बघायला हवा. गच्चीवर उभ्या राहिलेल्या सांगाड्याचा फोटो येतो. डॅशबोर्डमागच्या वायरींचा फोटो कुणी काढत नाही. घरी बांधलेल्या विमानात खरी परीक्षा तिथेच असते, आणि आपल्या धोरणातली पोकळीही तिथेच दिसते.

आधी वायर. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली साधी पीव्हीसी वायर प्रोजेक्टला चालते, विमानात नाही. जळली की तिचा धूर विषारी होतो आणि कॉकपिटमध्ये खिडकी उघडून 'जरा हवा येऊ दे' म्हणायची सोय नसते. म्हणून तिथे टेफझेलसारखं, उष्णता सोसणारं आणि सहज पेट न घेणारं आवरण असलेली वायर वापरतात. दुसरं, जोड. कॉलेजात आपल्याला चांगलं सोल्डरिंग म्हणजे पक्का जोड असं शिकवतात. विमानात उलटं घडू शकतं. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये आत शिरतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या थरथराटाने वायर नेमकी त्या कडक भागाच्या टोकाला तुटते. म्हणून बहुतेक ठिकाणी चांगल्या पकडीने क्रिम्प केलेला लग आणि मागे वायरीला आधार. सोल्डर केलंच, तर आधार जास्त.

फ्यूजबद्दलही एक गैरसमज घरोघरी असतो. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. त्यामुळे त्याचं माप वायरीच्या जाडीवरून ठरतं. 'सारखा उडतोय, मोठा टाकू' हा आपल्याकडचा उपाय विमानात केला, तर वायरच फ्यूज होते.

हे फार बारीक वाटत असेल, तर २ सप्टेंबर १९९८ आठवा. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात पडलं. २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपासात निघालं की आग कॉकपिटच्या छतावर, वायरीतल्या ठिणगीने लागली असावी. संशय होता प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या यंत्रणेच्या वायरीवर. सिनेमा बघायची वायर! तेही नावाजलेल्या कंपनीच्या, सगळी प्रमाणपत्रं असलेल्या विमानात.

आता रेडिओ. वैमानिक आणि कंट्रोल टॉवर बोलतात ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, आणि गंमत म्हणजे अजूनही एएमवर. एफएमचा आवाज इतका स्वच्छ, मग एएम का? एफएममध्ये दोघं एकदम बोलले की जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला गिळून टाकतो, दुसरा कुणी बोलत होता हे कळतही नाही. एएमवर अशा वेळी शिट्टीसारखा किंचाळता आवाज येतो, म्हणजे निदान कळतं की आणखी कुणीतरी हाक मारतंय. अशा ठिकाणी हा आवाजच उपयोगी.

या पट्ट्याच्या मधोमध धरलं तर पाव तरंगलांबीचा अँटेना साधारण ५९ सेंटिमीटरचा होतो. पण नुसती काडी लावून भागत नाही, तिच्याखाली धातूचा पत्रा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात तो आयताच मिळतो. फायबरच्या विमानात आतून तांब्याची पट्टी किंवा जाळी अंथरावी लागते, नाहीतर महागडा रेडिओ घेऊनही टॉवरला नुसती खरखर ऐकू येते. घरी विमान बांधणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची डोकेदुखी म्हणजे हेडफोनमधला आवाज. त्याचं निदान कानानेच सुरू होतं. इंजिनचा वेग वाढला की शिट्टीचा सूरही चढत जातो? मग अल्टरनेटर तपासा. टकटक, कडकड आहे? इग्निशनकडे बघा, तिच्या वायरीवरचं शील्ड नीट आहे का. सतत गुणगुण आहे? बहुतेक वेळा अर्थिंग दोन ठिकाणी झालेलं असतं. हेडसेटचा जॅक विमानाच्या धातूला टेकलाय आणि वायरीनेही वेगळा अर्थ घेतलाय. चार रुपयांचा इन्सुलेटिंग वॉशर घातला की आवाज जातो.

यातलं रॉकेट सायन्स किती? फारच कमी. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये कंट्रोल पॅनलची वायरिंग करणाऱ्या कारागिराला क्रिम्प, शील्ड, वायर नंबरिंग हे सगळं हातचं आहे. वसईच्या, विरारच्या, पालघरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून दर वर्षी इलेक्ट्रॉनिक्सची मुलं बाहेर पडतात. मग अडतं कुठे?

माझ्या मते अडतं ते 'हे बरोबर झालंय' अशी सही करणारा माणूस जवळ नसल्याने. अमेरिकेत घरी विमान बांधायचं तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं लागतं. बांधताना फोटो आणि नोंदी ठेवायच्या, हौशी संघटनेतला अनुभवी माणूस येऊन सल्ला देतो, शेवटी सरकारने नेमलेला निरीक्षक तपासतो. मग २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, वस्तीपासून दूर चाचणी उड्डाणं. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' असं स्पष्ट लिहायचं. व्हॅन्स या एकाच कंपनीच्या किटमधून अशी ११ हजारांहून जास्त विमानं उडालीत. आणि यातून उद्योगही उभा राहतो. डायनॉन नावाची कंपनी या हौशी बाजारासाठी स्वस्त डिजिटल डिस्प्ले बनवत होती. २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेला कारखान्यात बनलेल्या सेसना १७२ मध्ये बसवायची मान्यता मिळाली. हौशी लोकांचा माल मुख्य बाजारात गेला तो असा.

उलट बाजूही ऐका. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आणि शेजारी देशातल्या सर्वात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक. इथे कुणाचा तरी ढिला लग निसटून रेडिओ बंद पडला, तर ते संकट त्या एकट्याचं राहत नाही. घरी बांधलेल्या विमानांचं अपघातांचं प्रमाण अमेरिकेतही कारखान्यातल्या विमानांपेक्षा जास्त आहे. तेव्हा डीजीसीएने हात आखडता घेतला, यात नुसती बाबूगिरी बघणं अन्याय होईल. पण अर्जापासून नोंदणीपर्यंत सहा वर्षं लागणं ही सुरक्षितता नव्हे. त्या सहा वर्षांत एकही क्रिम्प जास्त घट्ट होत नाही.

ड्रोनच्या बाबतीत सरकारने हे करून दाखवलंय. २०२१ च्या नियमांनी फॉर्मची संख्या २५ वरून ५ वर आणली, २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट सर्टिफिकेटची अट काढली. वजनाप्रमाणे नियम, हा साधा विचार. माणूस बसणाऱ्या विमानाला तेवढी ढील देता येणार नाही हे खरं, पण टप्पे तरी ठरवता येतील. सांगाड्याची तपासणी कधी, वायरिंगची कधी, कोण करणार, किती दिवसांत. १५७ एकर जमिनीच्या घोषणेपेक्षा असा दहा पानी कागद जिल्ह्याच्या जास्त कामाचा ठरला असता.

तोपर्यंत ज्यांना हात शिवशिवतायत, त्यांच्यासाठी एक कायदेशीर वाट आहे. विमानाच्या पट्ट्यात परवान्याशिवाय 'टेस्टिंग' म्हणून बोलायला जाऊ नका, तो गुन्हा आहे आणि वर कुणाच्या तरी जिवाशी खेळ. वैमानिकाला त्यासाठी आरटीआर परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, २०२५ पासून नव्या कायद्याने डीजीसीएकडे आलीय. पण हॅम रेडिओचा परवाना वयाच्या १२ वर्षांपासून काढता येतो. त्यात मिळणारा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानांच्या अगदी शेजारचा. अँटेनाची काडी तिथे ५२ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे विमानापेक्षा फक्त सातेक सेंटिमीटर कमी. कोॲक्स तीच, पत्र्याचा नियम तोच, आणि खरखर आली तर शोधायची पद्धतही तीच.