भावनांचा तास

हल्ली शाळांच्या माहितीपत्रकात 'सोशल-इमोशनल लर्निंग' अशी एक ओळ असते, रोबोटिक्स आणि स्विमिंग पूलच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे स्वतःचा राग ओळखा, समोरच्याचं ऐकून घ्या, वगैरे. आपल्याला हापिसात सॉफ्ट स्किल्सच्या ट्रेनिंगला बसवतात ना, त्यातलाच प्रकार!

आता हे अगदीच थोतांड नाही. डर्लॅक आणि मंडळींनी २०११ साली अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास छापला. त्यात मुलांचं वागणं सुधारलेलं दिसलं, शिवाय अभ्यासातही ११ पर्सेंटाइलचा फायदा. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ८५ शाळांच्या प्रयोगाचा निकाल आला. ११ ते १४ वर्षांच्या मुलांना माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीही जास्त साधलं नाही.

मला सगळ्यात विचार करायला लावला तो बिहारमधल्या प्रयोगाने. गोव्याच्या 'संगथ' संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांमध्ये नववीच्या मुलांसाठी 'सेहर' नावाचा कार्यक्रम घेतला. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायला पेटी, मुलांचे गट, आणि हवं तर एकट्याने येऊन बोलायची सोय. काही शाळांत हे काम तिथल्याच शिक्षकाकडे दिलं, काहींत खास नेमलेल्या 'मित्रा'कडे. हा मित्र कोणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. मित्र होता त्या शाळांत नैराश्य, दादागिरी, मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांकडे काम होतं तिथे जवळपास शून्य.

कोड तोच, फक्त चालवणारा बदलला!

ह्यात शिक्षकांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची ड्यूटी, जनगणना. आणि चौदा वर्षांचा मुलगा काय डोक्याने कमी असतो का? जो पेपर तपासतो, पालकसभेत आईबाबांशी बोलतो, त्याला तो कशाला सांगेल की घरी बाबा पितात म्हणून? ह्या वयात मनातलं कोणाला सांगायचं हे पोरं फार जपून ठरवतात.

म्हणून माझं म्हणणं, ॲडमिशनला जाल तेव्हा अभ्यासक्रमाचं चकचकीत पुस्तक बाजूला ठेवा आणि विचारा : मुलांचं ऐकायला शाळेत रोज कोण असतं? त्याच्याकडे दुसरी कामं किती? माणूस नेमायचा म्हणजे पगार आला, हे खरंय. पण स्विमिंग पूलचे पैसे आपण मुकाट्याने भरतोच की.

त्यात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रगतीपुस्तकात भावनिक प्रगतीचीही नोंद व्हायची आहे. हेतू चांगलाच आहे हो. पण आपली पोरं परीक्षेत तयार. 'राग आल्यावर तुम्ही काय कराल?' ह्याचं पाच मार्कांचं उत्तर क्लासवाले लवकरच काढून देतील.