पाच दिवसांचा कोर्स

परवा ऑफिसचा जिना चढताना टाच पुन्हा ठणकली, म्हणून हे लिहितोय.

चार महिन्यांपूर्वी पोट बिघडलं. डॉक्टरकडे कोण जाणार, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन आणलं. पोट दोन दिवसांत ठीक. पाचव्या दिवशी दोन्ही गुडघे आणि टाचेमागची शीर धरली. गुडघे सुटले, टाच अजून नाही. हाडांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अँटिबायोटिक कुठलं घेतलंत?" मी चाट!

या गटातल्या औषधांनी शिरा दुखावतात, क्वचित तुटतातही. कधीकधी गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी. साठीपुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्येच चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१६ मध्ये तर सांगितलं, साध्या सायनसला दुसरं औषध चालत असेल तर हे नकोच.

मेडिकलवाल्याला शिव्या घालून झाल्या. पण चिठ्ठी न मागणारा दुकानदार मलाच हवा होता ना? स्ट्रिपवरची लाल रेघ बघितली कुणी! (रिलीज नोट्स वाचल्याशिवाय साधी लायब्ररी अपडेट न करणारा मी.)

असो. काल आईला सायनससाठी लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं. तोच गट, वय ६३. डॉक्टरांना फोन करून विचारलं. न चिडता बदलून दिलं त्यांनी.