कोपऱ्यातला माणूस

मंडळी, धर्मराज चेरलाथन हे नाव ऐकलंय? प्रो कबड्डी नियमित बघणाऱ्यांना तो 'अण्णा' म्हणून ठाऊक असेल. तामिळनाडूचा, जन्म 1975 चा. म्हणजे 2014 मध्ये लीग सुरू झाली तेव्हा गडी 39 वर्षांचा. या वयात आपल्याकडे लोक शुगर तपासायला लागतात :-) अण्णानं 2016 मध्ये कर्णधार म्हणून पाटणा पायरेट्सला विजेतेपद मिळवून दिलं, 2017 ला पुणेरी पलटणकडून खेळला, 2018 ला यू मुंबाकडून, आणि 2019 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हरियाणा स्टीलर्सचं नेतृत्व केलं.

मला सगळ्यात आवडला तो त्याचा यू मुंबाचा मोसम. डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली, वय 26. उजव्या कोपऱ्यात अण्णा, वय 43. चढाईला येणाऱ्यानं जायचं तरी कुठे?

आता प्रश्न असा, की इतकी वर्षं टिकला कसा? माझं उत्तर सोपं आहे. कोपरा हे ताकदीपेक्षा समजुतीचं काम आहे. चढाईपटूकडे 30 सेकंद असतात. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तरी काही बिघडत नाही, तिसरीत मात्र गुण घ्यावाच लागतो. कोपऱ्यातल्याला अशी सूट नाही. घोटा धरायला अर्धा सेकंद आधी झेपावला, की समोरच्याला गुण आणि हा स्वतः बाहेर. म्हणून मुरलेला कोपरा बहुतेक वेळ काहीच 'करत' नाही. फक्त पाय असा ठेवतो, अंतर असं राखतो, की समोरचा आत शिरायचा विचारच सोडून देतो आणि हात हलवत परत जातो.

आणि इथेच घोळ आहे. गुणपत्रिकेत पकडीला 1 गुण, तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या अव्वल पकडीला 2. पण जो चढाईपटू घाबरून रिकामा परतला, त्याचं श्रेय कुणाच्याच नावावर नाही! प्रदीप नरवालच्या नावावर चढाईचे 1800 हून जास्त गुण आहेत आणि लीगमधला सगळ्यात यशस्वी बचावपटू फझल 500 च्या थोडा पुढे. आकडे बघून वाटेल, एकाचं काम दुसऱ्याच्या तिप्पट. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच. नवीन फीचर करणाऱ्याचा डेमो होतो, टाळ्या पडतात. रात्री सर्व्हर पडला नाही, यासाठी कुणाला कधी बक्षीस मिळालंय?

कुणी म्हणेल, अरे बाबा, आता बचावपटूंनाही पैसा मिळतोय की! मान्य. फझलला 2018 मध्ये 1 कोटी मिळाले. मोहम्मदरेझा शादलूसाठी पुणेरी पलटणनं 2023 मध्ये 2 कोटी 35 लाख मोजले आणि मार्च 2024 मध्ये करंडक उचलला. वरच्या पातळीवर, चार पैसे लावणाऱ्यांना, पकडीची किंमत कळली आहे.

अडचण खाली आहे. माझं गाव मालेगाव. नाशिकचं नव्हे हो, वाशिम जिल्ह्यातलं! गावी गेलो की मातीतल्या मैदानावर पोरांचा खेळ बघत बसतो. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : "भाऊ, मले त रेडरच व्हाचं हाय." कोपऱ्यात कोण? ज्याला चढाई जमत नाही तो. इकडच्या पोरांसाठी कबड्डी म्हणजे नुसती हौस नसते, खेळाडू म्हणून पोलिसात किंवा रेल्वेत लागायची ती एक वाट असते. निवड करणारे दोन-तीन सामने बघणार, गुणांचा कागद चाळणार. त्या कागदावर चांगल्या कोपऱ्याच्या नावापुढे दोन पकडी दिसतात, आणि त्याच्या बाजूनं रिकाम्या परतलेल्या पंधरा चढाया दिसत नाहीत. चढाईपटू अठराव्या वर्षी डोळ्यांत भरतो. कोपरा मात्र पंचविशीच्या पुढे पिकतो, आणि तोवर आपण त्याला घरी बसवलेलं असतं. अशानं किती अण्णा विशीतच खेळ सोडून शेताकडे वळले असतील?

तिकडे अमेरिकन फुटबॉलमध्येही 'कॉर्नरबॅक' नावाचा बचावपटू असतो. चेंडू फेकणारा त्याच्या बाजूला फेकायचंच टाळतो, ही त्याची खरी पावती. आणि ते लोक आता मोजतात, कुणाच्या दिशेनं किती वेळा चेंडू आला ते.

आपण का मोजू नये? यंत्र नको, सॉफ्टवेअर तर नकोच (हे मी सांगतोय!). तालुक्याच्या स्पर्धेत गुणलेखकाशेजारी एक पोरगं वही-पेन्सिल घेऊन बसवा. दोन रकाने आखा : या कोपऱ्याकडून रिकाम्या परतलेल्या चढाया किती, आणि इथून दिलेले गुण किती. शेवटी 'उत्कृष्ट चढाई' आणि 'उत्कृष्ट पकड' यांच्याबरोबर 'उत्कृष्ट कोपरा' असंही एक बक्षीस ठेवा, पाचशे एक रुपयांचं का असेना. निवडीला जाताना ती वही सोबत द्या.

पोरं जे मोजलं जातं तेच शिकतात. आज आपण फक्त झेप मोजतो, म्हणून सगळे झेपावतात. थांबणं मोजायला लागलो, तर दोन-चार वर्षांत आमच्या मालेगावच्या मातीतही एखादं पोरगं छाती काढून म्हणेल, "मी कोपऱ्यात खेळतो."