रेगे वाजवला कुणी आणि मालक झालं कोण?

पुण्यात टी-शर्टवर आणि गोव्यातल्या शॅकच्या भिंतीवर एकच चेहरा दिसतो, बॉब मार्लेचा. रेगे म्हटलं की मार्ले, आणि मार्ले म्हटलं की विषय संपला! मार्लेबद्दल माझी तक्रार नाही. ट्रेंचटाऊनसारख्या गरिबांच्या वस्तीतला आवाज जगभर पोचला याचा आनंदच आहे. तक्रार आहे ती रेगेचा सगळा इतिहास एका माणसाच्या प्रतिभेत कोंबणाऱ्यांबद्दल. कारण प्रतिभेची आरती सुरू झाली की मजुरीचा हिशेब कुणी मागत नाही.

रेगे लागला की आधी कानावर काय येतं? शब्द नव्हे. आधी बेस गिटार येते, मग ड्रम. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि तिसरीवर ठोका पाडायचा, याला 'वन ड्रॉप' म्हणतात. मार्लेच्या बँडमध्ये ड्रमवर कार्लटन बॅरेट असायचा आणि बेसवर त्याचा थोरला भाऊ ॲस्टन, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणत. या दोघांना बाजूला काढा आणि मग ती गाणी ऐकून बघा.

पण कायद्याच्या भाषेत गाण्याचा कर्ता कोण? ज्याने शब्द लिहिले आणि चाल बांधली तो. बेसची ओळ म्हणजे नुसती 'साथ'. ही व्याख्या युरोपात छापील नोटेशनवर चालणाऱ्या संगीतासाठी घडली. किंग्स्टनच्या स्टुडिओत उलटं होतं. तिथे बेस आणि ड्रमचा साचा म्हणजेच 'रिडिम' आधी तयार व्हायचा, आणि त्याच एका टेपवर पुढे वेगवेगळे गायक वेगवेगळी गाणी गायचे. जमैका १९६२ साली स्वतंत्र झाला, पण कॉपीराइटचा कायदा १९९३ पर्यंत ब्रिटिशांचा १९११ चाच राहिला. रेगेचा सगळा सुवर्णकाळ या साहेबाच्या कायद्याखाली गेला.

एकच उदाहरण घेऊ. स्टुडिओ वनमध्ये १९६७ च्या सुमारास 'साउंड डायमेन्शन' या तिथल्या वादकांच्या चमूने 'रिअल रॉक' नावाची एक विनाशब्द धून वाजवली. की-बोर्डवर जॅकी मिटू होता, ट्रॉम्बोनवर विन गॉर्डन. त्याच रिडिमवर पुढे विली विल्यम्सने 'आर्मागिडियन टाइम' गायलं आणि १९७९ मध्ये लंडनच्या 'द क्लॅश'नेही ते गाणं रेकॉर्ड केलं. तो रिडिम आजपर्यंत शेकडो गाण्यांखाली वापरला गेलाय. वादकांना मोबदला मिळाला होता तो त्या दिवसाच्या कामाचा. काम एका दिवसाचं आणि त्यावरची कमाई पन्नास वर्षांची, हा कसला न्याय?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "निर्मात्याने पैसा लावला, धोका पत्करला." खरं आहे. क्लेमेंट 'कॉक्सोन' डॉडने १९६३ साली ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ उभा केला. काळ्या माणसाच्या मालकीचा स्टुडिओ तिथे तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्याने वादकांना नियमित काम दिलं, नव्या पोरांना माईकसमोर उभं केलं. याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण मालक आपल्यातला असला म्हणजे शोषण आपोआप संपतं, असं समाजशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आणि धोका काय फक्त पैशाचाच असतो? डॉन ड्रमंडसारखा ट्रॉम्बोनवादक १९६९ मध्ये किंग्स्टनच्या मनोरुग्णालयात मेला. एका बाईचा जीव घेतल्याच्या गुन्ह्यात तो तिथे होता, ते मी लपवत नाही. पण त्याच्या धुनांवर कुणाकुणाची घरं चालली, तेही लपवू नका.

दुसरा भंपकपणा 'रक्तातच ताल आहे' हा. रक्तात वगैरे काही नसतं. ड्रमंड, टॉमी मॅकूक, विन गॉर्डन हे अल्फा बॉइज स्कूलमधून आले. गरीब, निराधार मुलांची ही शाळा कॅथलिक नन चालवायच्या. तिथे बँडमध्ये शिस्तीत वाद्य शिकवलं जायचं. म्हणजे ही विद्या आहे, कमावलेली! तिला उपजत म्हणायचं म्हणजे तिची किंमत द्यायची गरज उरत नाही. ही युक्ती आपल्या वाचकांना नवी नाही.

गाणाऱ्या त्रिकुटांचंही तेच. 'बर्निंग स्पिअर' आज एका माणसाचं नाव आहे, विन्स्टन रॉडनीचं. पण १९७५ च्या 'मार्कस गार्वे' अल्बमवर रूपर्ट विलिंग्टन आणि डेलरॉय हाइंड्स हे दोन आवाजही आहेत. ते किती जणांना ठाऊक आहेत? मार्शिया ग्रिफिथ्स मार्लेच्या मागे उभी राहण्याआधीच स्वतःच्या नावावर गाजलेली गायिका होती, तरी लिहिणारे 'कोरस' म्हणून पुढे जातात. बाई असली की मागची जागा आणखी पक्की होते. 'ॲबिसिनियन्स'ने मात्र वेगळा मार्ग दाखवला. 'साटा मासागाना' त्यांनी १९६९ मध्ये स्टुडिओ वनमध्ये गायलं, डॉडने ते बाजारात आणलं नाही. मग त्यांनी स्वतःचीच टेप त्याच्याकडून विकत घेतली आणि 'क्लिंच' या स्वतःच्या लेबलवर काढली. ते गाणं पुढे रेगेचं जणू प्रार्थनागीत झालं. पण स्वतःचा आवाज पैसे मोजून सोडवून आणावा लागतो, यात कौतुक कुणाचं करायचं?

आणि फॅमिली मॅन? मार्लेच्या रेकॉर्डच्या रॉयल्टीत वाटा आणि काही गाण्यांचं सहलेखन मागत तो लंडनच्या हायकोर्टात गेला. कार्लटनचा खून १९८७ मध्येच झाला होता, त्यामुळे भावाच्या वाट्यासाठीही तोच भांडत होता. २००६ मध्ये तो हरला. १९९४ च्या तडजोडीत तू हक्क सोडलेस, असं कोर्टाने सांगितलं. तो २०२४ मध्ये वारला, तेव्हा श्रद्धांजलीच्या मथळ्यांत त्याच्या नावाआधी मार्लेचं नाव होतं.